ब्रेन हॅमरेजनंतर मायग्रेन बदललं. जुनी गोळी आता घ्यावी का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

वय ४२. एकोणिसाव्या वर्षापासून मायग्रेन. महिन्यातून दोन-तीनदा डोक्याची डावी बाजू ठणकायची, उलट्या व्हायच्या; सुमाट्रिप्टानची गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडलं की दिवस निभायचा. ११ महिन्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला. कॉइलिंग झालं (फुग्यात बारीक तार भरून तो बंद केला), हातापायांत कमजोरी राहिली नाही. पहिले चार महिने मायग्रेन एकदाही आलं नाही, ‘निदान त्यातून तरी सुटले’ असं वाटलं. मग ते परतलं, पण वेगळंच होऊन. आता जवळजवळ रोज मान आणि डोक्याच्या दोन्ही बाजू जड असतात, आठवड्यातून एखाद्या दिवशी जोरात ठणकतं, आणि दोनदा दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ आली. अशी रेघ पूर्वी कधी आली नव्हती. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी महिन्यातले १८-२० दिवस पोटात जाते. न्यूरोसर्जन म्हणतात, ‘कॉइल व्यवस्थित आहे.’ फॅमिली डॉक्टर म्हणतात, ‘सुमाट्रिप्टान आता बंद.’ पती प्रत्येक वेळी स्कॅनला न्यायला निघतात. प्रश्न असे: हे मायग्रेनच आहे का? मायग्रेनमुळेच हॅमरेज झालं का? पंधरा वर्षं चाललेली गोळी आता का चालत नाही? सोळा वर्षांच्या मुलीलाही मायग्रेन आहे, तिचा स्कॅन करावा का?

उत्तर

सुमाट्रिप्टान आत्ता घेऊ नका. ही एक गोष्ट थांबू शकत नाही म्हणून ती आधी. घरात जुनी पाकिटं असतील तर बाजूला काढा. ठणका असह्य झाला की माणूस विचार करत नाही, हाताला लागेल ती गोळी घेतो.

तुमच्या दोन डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला परस्परविरोधी वाटतंय, पण तसं ते नाही. सर्जन फुग्याबद्दल बोलत आहेत: तो भरला गेलाय, त्यात रक्त शिरत नाही. फॅमिली डॉक्टर सगळ्याच रक्तवाहिन्यांबद्दल बोलत आहेत. ट्रिप्टान गटातल्या गोळ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या सेरोटोनिनच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि त्या वाहिन्या आकुंचन पावतात. हा परिणाम मेंदूपुरता राहत नाही, हृदयाच्या वाहिन्यांवरही होतो. म्हणूनच ज्यांना स्ट्रोक होऊन गेलाय त्यांना या गोळ्या देऊ नयेत, असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि मेंदूतला रक्तस्राव हाही स्ट्रोकच. पंधरा वर्षं गोळी चालली, पण तेव्हा तुम्हाला रक्तस्राव झालेला नव्हता. काही न्यूरॉलॉजिस्ट फुगा पूर्ण बंद झालाय, रक्तदाब आटोक्यात आहे आणि दुसरा इलाज लागू पडत नाही, अशी खात्री करून ट्रिप्टानचा विचार करतात. पण तो निर्णय अँजिओग्राफी समोर ठेवून, सर्जनशी बोलून घ्यायचा असतो. घरी बसून घेण्याचा तो निर्णय नाही.

हाच नियम अर्गोटामीनला आणखी कडकपणे लागू होतो. मायग्रेनच्या काही जुन्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि कॅफीनबरोबर अर्गोटामीनही असतं, आणि वाहिन्या आवळण्याचा त्याचा परिणाम जास्त काळ टिकतो. तुम्ही सध्या घेत असलेल्या गोळीच्या पाकिटावरचे घटक आजच वाचा. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन आणि फिनाइलेफ्रीनही वाहिन्या आवळतं. नाक चोंदलं म्हणून सहज घेतलेली गोळी तुमच्यासाठी साधी नाही.

आता कारणाबद्दल. मायग्रेनच्या ठणक्याने फुगा फुटत नाही. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे भिंत कमकुवत होऊन अ‍ॅन्युरिझम तयार होतो. धूम्रपान, वाढलेला रक्तदाब आणि घराण्यातला इतिहास ही त्याची मोठी कारणं. तुम्ही वीस वर्षांत मायग्रेन नीट सांभाळलं नाही म्हणून हे झालं, असं मनात कुठे असेल तर ते काढून टाका.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे: चार महिने मायग्रेन नव्हतं म्हणजे ते गेलं होतं, आणि आता जे आलंय ते काहीतरी बिघडल्याचं चिन्ह आहे. पण ते चार महिने आठवून बघा. सुरुवातीचे सुमारे २१ दिवस निमोडिपीन हे रक्तस्रावानंतर दिलं जाणारं औषध चालू असतं, कित्येकांना त्या काळात फिट येऊ नये म्हणून औषध, तीव्र वेदनाशामकं, कधी स्टेरॉइड मिळतं. काम बंद, जागरण बंद, जेवण-झोप दुसरं कुणीतरी सांभाळतं. यातल्या बऱ्याच गोष्टी मायग्रेनला दाबून ठेवतात. औषधं संपली, घर आणि नोकरी पुन्हा अंगावर आली की ते डोकं वर काढतं. काहींचं मायग्रेन उपचारानंतर खरोखर कायमचं कमी होतं, काहींचं वाढतं, आणि काहींचं तुमच्यासारखं रूप पालटतं. शांततेनंतर परतलेलं मायग्रेन हा फुगा पुन्हा उघडल्याचा पुरावा नव्हे.

आणि ‘हे मायग्रेनच आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात येणार नाही, कारण तुम्ही ज्याला ‘हे’ म्हणता त्यात मला तीन वेगळी दुखणी दिसतात. तिघांना एकच औषध देत राहिल्यामुळे गोंधळ वाढलाय.

पहिलं दुखणं म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा जोराचा ठणका. तो ४ ते ७२ तास टिकत असेल, हालचालीने वाढत असेल, मळमळ होत असेल किंवा उजेड-आवाज सोसत नसेल, तर ते तुमचं जुनंच मायग्रेन आहे. बाजू बदलली तरी ते मायग्रेनच असू शकतं, मान दुखणं हाही त्याचाच भाग असतो.

दुसरं म्हणजे रोजचा जडपणा. त्याचं सर्वांत संभाव्य कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय: महिन्यातले १८-२० दिवस मिश्र गोळी. ज्याला मुळात मायग्रेन आहे त्याने मिश्र वेदनाशामकं महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. नुसत्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा १५ दिवसांची. मोजायचे ते दिवस, गोळ्या नाहीत. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस. रक्तस्रावानंतर हा सापळा आणखी सोपा होतो, कारण वेदनेइतकीच भीतीही गोळी घ्यायला लावते. डोकं जरा जड झालं की ‘वाढायच्या आत’ गोळी जाते. त्यात तुमच्या गोळीत कॅफीन आहे. त्याची सवय लागली की पुढची मात्रा चुकल्यावर १२ ते २४ तासांत तेच डोकं धरतं.

यातून बाहेर पडायचं तर गोळी थांबवावी लागते, आणि थांबवल्यावर २ ते १० दिवस डोकेदुखी आधी वाढते. हे माहीत नसेल तर तुम्ही तिसऱ्या रात्री इमर्जन्सीत पोचाल. म्हणून तारीख ठरवून, डॉक्टरांना सांगून, जोडीला प्रतिबंधक औषध (दुखणं येऊच नये म्हणून नियमित घ्यायचं) सुरू करून हे करा. पॅरासिटामॉल-कॅफीनची गोळी एकदम थांबवता येते. चहा-कॉफी मात्र हळूहळू उतरवा. गोळीत कोडीन किंवा ट्रामाडॉल असेल तर ती टप्प्याटप्प्यानेच कमी करायची असते, एकदम नाही. खरा फरक कळायला दोन महिने धरा.

तिसरी गोष्ट ती नागमोडी रेघ, आणि माझं लक्ष सर्वांत जास्त तिच्याकडे आहे. वर्णन ऑराचं आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून उत्तेजनाची एक लाट हळूहळू सरकते आणि तिच्यामागे पेशी काही वेळ शांत होतात. दृष्टीच्या भागात ही लाट आली की आधी चमक आणि मग धूसर ठिपका दिसतो. रक्तस्रावाने मेंदूचा पृष्ठभाग चेतवला गेलेला असू शकतो, त्यामुळे ज्यांना कधी ऑरा नव्हता त्यांना तो नंतर येऊ शकतो. पण नवीन ऑरा ‘मायग्रेनचाच’ म्हणून परस्पर सोडून द्यायचा नसतो. पुढच्या वेळी मोबाइलवर वेळ लावा. ऑरा लहानसा सुरू होऊन पाच मिनिटं किंवा जास्त वेळ पसरत जातो आणि एक लक्षण ५ ते ६० मिनिटांत ओसरतं. फिटमुळे दिसणारी चमक बहुधा काही सेकंद ते दोन-तीन मिनिटांची, दर वेळी हुबेहूब तशीच, अनेकदा रंगीत गोळ्यांसारखी. आणि रक्तपुरवठा तुटला तर दृष्टी, बोलणं किंवा हाताची ताकद एका क्षणात जाते, पसरत नाही. दोन्ही वेळचं जमेल तितकं आठवून लिहून न्या. न्यूरॉलॉजिस्ट ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) आणि जुन्या रक्ताचे अंश दाखवणारा एमआरआय सांगतील अशी शक्यता आहे. प्लॅटिनमच्या कॉइलमुळे एमआरआयला सहसा अडचण येत नाही, पण इम्प्लांट कार्ड बरोबर ठेवा. नवीन ऑरा सुरू झाल्यावर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही बंद कराव्या लागतात. तुम्ही घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगा.

इथे साठीपुढच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. वयामुळे मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठून रक्तस्राव झालेला असेल तर बोटांपासून हात आणि ओठांपर्यंत काही मिनिटं सरकत जाणाऱ्या मुंग्या येतात. त्या ऑरासारख्या वाटतात, डॉक्टरांना कधी ‘छोटा स्ट्रोक’ वाटतात, आणि त्यावर अ‍ॅस्पिरिन सुरू झालं तर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. असे झटके येत असतील तर अ‍ॅस्पिरिन सुरू होण्याआधी एमआरआय व्हायला हवा.

मग ठणका आला तर तुम्ही घ्यायचं काय? पहिला पर्याय पॅरासिटामॉल १ ग्रॅम, कॅफीनशिवाय, ठणका सुरू झाल्याबरोबर, आणि त्याबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेलं मळमळीचं औषध. मायग्रेनमध्ये जठर मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. मळमळीचं औषध उलटी थांबवतं आणि पॅरासिटामॉल पुढेही सरकवतं. फिट येऊन गेली असेल तर मेटोक्लोप्रमाइड टाळतात, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर डोमपेरिडोन. आठवड्यात अशा गोळीचे दोनच दिवस, ही मर्यादा कागदावर लिहून ठेवा. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून नकोत. कॉइलबरोबर स्टेंटही बसवला असेल आणि क्लोपिडोग्रेल-अ‍ॅस्पिरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर या वेदनाशामक गोळ्या रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवतात. स्टेंट आहे की नाही हे अनेकांना माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्डावर बघा. नवीन औषधांत लास्मिडिटान वाहिन्या आवळत नाही, मात्र ते घेतल्यावर आठ तास गाडी चालवायची नाही. रिमेजेपँटसारखी औषधंही वाहिन्या आवळत नाहीत, पण मेंदूला गरज पडेल तेव्हा वाहिन्या रुंद करणारं सीजीआरपी नावाचं रसायन ती अडवतात. रक्तस्रावानंतरच्या पहिल्या आठवड्यांत म्हणून ती टाळतात. तुम्ही तो टप्पा पार केलाय, न्यूरॉलॉजिस्टना विचारायला हरकत नाही.

आठवड्याला एक मोठा ठणका आणि रोजचा जडपणा, एवढं असताना प्रतिबंधक औषधच तुमचा मुख्य इलाज आहे, आणि ते अजून सुरूच झालेलं नाही याचं मला वाईट वाटतं. ‘कॉइल व्यवस्थित आहे’ इथे सर्जनचं काम संपतं. डोकेदुखीचा इलाज त्या वाक्यात नसतो, तो न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन मागावा लागतो. निवड तुमच्या इतर तक्रारींवर ठरते. रक्तदाब चढा असेल तर कँडेसार्टन किंवा प्रोप्रॅनोलॉल, एका औषधात दोन कामं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, गरोदर राहण्याची शक्यता असेल तर कँडेसार्टन नको. झोप मोडत असेल तर अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून, दर एक-दोन आठवड्यांनी थोडं वाढवत. तोंड कोरडं पडतं, वजन वाढू शकतं. फिटचा त्रास असेल तर टोपिरामेट दोन्हींवर चालतं, पण त्याने ऐनवेळी शब्द आठवत नाहीत. हॅमरेजनंतर आधीच शब्द अडखळत असतील तर माणूस घाबरतो, मेंदू आणखी बिघडला असं समजतो. ते घेत असाल तर हे आधीच माहीत असू द्या; गर्भारपणात ते नकोच. व्हॅल्प्रोएट प्लेटलेट्सवर परिणाम करतं, म्हणून रक्तस्राव झालेल्यांत ते जपून देतात. कोणतंही एकच औषध, पूर्ण मात्रेवर ८ ते १२ आठवडे, मगच निकाल. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं मानतात. पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडलेली औषधं खरं तर तपासलीच गेलेली नसतात.

ज्यांची कवटी उघडून क्लिपिंग (फुग्याला बाहेरून चिमटा लावणं) किंवा गाठीसारखं साठलेलं रक्त काढण्याची शस्त्रक्रिया झाली, त्यांचं दुखणं आणखी वेगळं. टाक्यांच्या रेषेवर बोट दाबलं की तीच कळ येते, कंगवा सोसत नाही, चघळताना कानशील दुखतं. हे कापल्या गेलेल्या त्वचेच्या नसा आणि कानशिलाच्या स्नायूचं दुखणं आहे. मायग्रेनच्या गोळ्या त्यावर फुकट जातात. त्या जागी सुन्न करणारं इंजेक्शन किंवा नसांच्या वेदनेचं औषध लागतं. शंट, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी बाहेर नेणारी नळी, असणाऱ्यांनी शरीराच्या स्थितीकडे लक्ष द्यावं: उभं राहिल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, तर पाणी जास्त निघतंय, आडवं पडून पहाटे वाढतं, उलटी होते, चाल डळमळते, तर कमी निघतंय. शंटला बाहेरून सेट करता येणारा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयच्या चुंबकाने त्याचं सेटिंग बदलू शकतं, म्हणून एमआरआयनंतर ते तपासून घ्या. एव्हीएमसाठी (रक्तवाहिन्यांच्या गुंत्यासाठी) रेडिओसर्जरी, म्हणजे नेमक्या जागी किरणांचा उपचार, झालेल्यांना सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान आसपासची सूज येऊन डोकेदुखी वाढू शकते. वाहिन्यांचा तो गुंता पूर्ण बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

तुमच्या पतींची धावपळ मायेपोटी आहे, पण प्रत्येक ठणक्याला स्कॅन हा उपाय नाही. नीट बंद झालेला फुगा पहिल्या वर्षानंतर पुन्हा फुटण्याचा धोका वर्षाला शंभरात एकाहून बराच कमी असतो, आणि तो पाहण्यासाठी ठरलेल्या तारखांची अँजिओग्राफी आहे. ती मात्र चुकवू नका. त्याऐवजी दोघांनी मिळून एक कागद करा, डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि दोघांच्याही पाकिटात ठेवा. त्यावर लिहा, ताबडतोब इमर्जन्सीत कधी जायचं: एका मिनिटात शिगेला पोचणारी, आयुष्यातली सर्वांत भयंकर अशी डोकेदुखी, डोकेदुखीबरोबर शुद्ध हरपणं, फिट किंवा गुंगी, एका बाजूची कमजोरी, वाकडं तोंड, बोलणं जाणं, तापासह मान ताठ होणं, एका तासापुढे लांबलेला ऑरा, शंट असताना सततच्या उलट्या. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘अ‍ॅन्युरिझमचं कॉइलिंग झालंय, दुखणं अमुक वाजता सुरू झालं.’ वेळ महत्त्वाची, कारण पहिल्या सहा तासांतला सीटी स्कॅन रक्त जवळजवळ नक्की पकडतो; नंतर ते पुसट होत जातं आणि पाठीतून पाणी काढून बघावं लागू शकतं. कागदावरचं काहीच नसेल तर गोळी, अंधार, झोप, आणि डायरीत नोंद.

डायरीत फार लिहू नका. सुरू झालं किती वाजता, शिगेला किती मिनिटांत पोचलं, कुठली बाजू, मळमळ, ऑरा, कोणती गोळी, आदल्या रात्रीची झोप, पाळीचा दिवस. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली की मायग्रेन चेकाळतं, ते या शेवटच्या रकान्यातून कळेल. रक्तदाब ठणका चालू असताना मोजून घाबरू नका. वेदनेनेच तो चढतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा. रक्तस्रावानंतर साधारण १३०/८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. पहाटे डोकं जड घेऊनच उठत असाल आणि घोरण्याची तक्रार असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या.

मुलीबद्दल. तिला मायग्रेन आहे, एवढ्यावरून स्कॅन करायचं कारण नाही. मायग्रेन म्हणजे अ‍ॅन्युरिझमची खूण नव्हे. रक्ताच्या जवळच्या नात्यात, म्हणजे आई-वडील आणि भावंडं यांत, दोघांना किंवा अधिकांना अ‍ॅन्युरिझम असेल तर तपासणीचा सल्ला देतात, आणि तीही बहुधा वयात आल्यावर. तुमच्या भावंडांत किंवा आई-वडिलांत कुणाला असा रक्तस्राव झाला होता का, अचानक मृत्यू झाला होता का, हे विचारून बघा आणि न्यूरॉलॉजिस्टना सांगा. तिने सिगारेटला हात न लावणं आणि मोठं झाल्यावर अधूनमधून रक्तदाब मोजत राहणं, तिच्यासाठी आज तरी इतकंच पुरे.